साडेसतरा घटकांची चूक

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे. पण मित्रांनो, एवढे ऐकून मला लगेच ताट-वाट्यांच्या फळीवर नेऊन ठेवू नका. माझ्या बुडाला सुईच्या टोकाएवढे एक भोक आहे आणि त्या भोकामुळेच मला मान आहे. मला पाण्यावर सोडले की मी तरंगतो, भोकातून हळूहळू पाणी आत येते, आणि बरोबर चोवीस मिनिटांनी मी बुडतो. माझ्या एका बुडीला घटका म्हणतात आणि मला घटिकापात्र. बाकीची भांडी बुडाली तर लोक हळहळतात, मी बुडालो की लग्नाचा मुहूर्त भरतो आणि मांडवात ताशा वाजतो.

मला सांगलीच्या एका तांबटाने ठोकून घडवले. रहिमतपूरजवळच्या एका गावात जोशीपण करणाऱ्या घराण्याने मला करवून घेतले होते. माझी परीक्षा मोठी कडक झाली. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत माझ्या साठ बुड्या व्हायला हव्या होत्या. पहिल्या दिवशी एकसष्ट झाल्या. तांबटाने भोकाची कड हातोडीने किंचित दाबली आणि दुसऱ्या दिवशी साठ भरल्या. साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस, माणसांचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस, आणि माणसांची अशी कोट्यवधी वर्षे गेली की मग ब्रह्मदेवाचा एक दिवस, असे जोशी आपल्या मुलांना शिकवत. ते ऐकून मी हुरळून जाई. ब्रह्मदेवाचा दिवस मोजायचा तरी सुरुवात माझ्याच बुडीपासून, असे मला वाटे.

पुढे मी या घराण्यातल्या दाजीकाका जोशींच्या हाती आलो. त्यांनी माझे फार लाड केले. चिंचेने घासून ते मला लख्ख करत. प्रत्येक लग्नात पाण्याच्या घंगाळात सोडण्याआधी माझी हळदकुंकू आणि अक्षता वाहून पूजा होई. आमच्या गावच्या विहिरींचे पाणी जड, भांड्यांना पांढरा थर धरणारे. हळदकुंकू आणि तो थर मिळून माझ्या भोकात हळूहळू बसत गेले. दाजीकाकांनी माझी पाठ पाहिली, पोट पाहिले, पण भोकात कधी डोकावले नाही. मलाही काही कळले नाही. आपल्या बुडाशी काय साचले आहे ते आपल्याला कुठे दिसते?

एकोणीसशे एकाहत्तरच्या श्रावणात मळ्यातल्या आकाराम पाटलांच्या घरून बोलावणे आले. त्यांची बायको बाळंत व्हायची होती. आधीची दोन मुले गेलेली, म्हणून या बाळाची वेळ अगदी पक्की घ्या, असा आकारामच्या आईचा, तानुबाईंचा आग्रह होता. मळ्यात घड्याळ नव्हते. दाजीकाका पहाटेच जाऊन पडवीत बसले. ढगांच्या फटीतून सूर्य वर आलेला दिसला, तसे त्यांनी मला पाण्यावर सोडले. मग दिवसभर आभाळ भरून राहिले. मी बुडालो की ते एक चिंचोका ओळीत ठेवत आणि मला पुन्हा सोडत. सतरा चिंचोके झाले, अठराव्या वेळी मी अर्धा भरलो होतो आणि आतून बाळाचे रडणे ऐकू आले. मुलगी झाली. तिचे नाव अंजना ठेवले.

दाजीकाकांनी साडेसतरा घटकांवरून पत्रिका मांडली. तूळ लग्न निघाले आणि मंगळ चौथ्या घरात पडला. चौथ्या घरातला मंगळ म्हणजे मुलगी मंगळाची. तानुबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या की रहिमतपूरची तीनची यष्टी फाट्यावर वाजली आणि पोर रडली. साडेसतरा घटका म्हणजे दुपारचा सव्वा वाजतो. तीनची गाडी सव्वाला कशी वाजेल? दाजीकाका हसले आणि म्हणाले, म्हातारीला काय कळते. खरे सांगतो, मीसुद्धा हसलो.

त्याच वर्षी दाजीकाकांनी मनगटी घड्याळ घेतले आणि मला फडक्यात बांधून पेटीत ठेवले. तेवीस वर्षे मी तिथेच होतो. पेटीत बाहेरचे बोलणे ऐकू येई, त्यावरून मला सगळे समजत होते. अंजना शिकली, शेजारच्या गावात शाळेत बाई झाली. तिला एकामागून एक स्थळे येत, चहापोहे होत आणि पत्रिका पाहिली की पाहुणे मग कळवतो म्हणून उठत. चार स्थळे अशी गेली. एकदा आकाराम दाजीकाकांच्या ओट्यावर बसून बोलले ते मी विसरू शकत नाही.

"काका, मंगळ भुईचा ल्योक, असं तुमीच पोथीत सांगता. आमी जलमभर भुईत राबतोय. मग त्यो आमच्याच पोरीच्या आडवा का येतोय?"

दाजीकाकांनी त्यांना मंगळाची शांत करायला सांगितली. ती आकारामनी दोन वेळा केली होती.

पाचवे स्थळ फलटणचे होते. साखर कारखान्यात नोकरीला असलेला हणमंत. तो अंजनाला आवडला आणि अंजना त्याला. दोघांनी तसे घरी सांगितलेही. पण त्याच्या आई शालूबाई नवऱ्यामागे एकट्या, आणि हणमंत एकुलता एक. मंगळाच्या मुलीने नवऱ्याला धोका, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. त्यांनी नाही म्हणून कळवले. पुढच्या रविवारी त्या दुसरी मुलगी बघायला जाणार होत्या.

त्याच आठवड्यात अंजना दाजीकाकांकडे आली. मुलांना जुनी कालगणना शिकवायची आहे, म्हणून तिने मला मागितले. तिच्या आवाजात हसू नव्हते, पण शाळेचे काम ती कधी चुकवत नसे. दाजीकाकांनी पेटी उघडली आणि तेवीस वर्षांनी मला ऊन दिसले.

शाळेत तिने मला बादलीत सोडले. पन्नास मुले भोवती बसली. चोवीस मिनिटांनी वाडगा बुडेल, असे तिने फळ्यावर लिहिले होते. मला तर घाम फुटायचा बाकी राहिला होता. एवढ्या वर्षांनी काम मिळाले, तेही पन्नास जणांपुढे. चोवीस मिनिटे झाली आणि मी मजेत तरंगतच होतो. मुले हसायला लागली. तीस मिनिटे झाली, तेव्हा मी बुडालो. अंजनाने पुन्हा मोजले. पुन्हा तीस. तिसऱ्यांदाही तीसच. मग तिने मला उचलून उन्हात धरले आणि भोकातून पाहिले. उजेड जेमतेम येत होता.

ती खडू घेऊन फळ्याशी उभी राहिली आणि स्वतःशीच गणित मांडू लागली. साडेसतरा बुड्या, प्रत्येक तीस मिनिटांची. सकाळी सव्वासहापासून धरले तर दुपारचे तीन वाजत होते. तिने खडू खाली ठेवला. मित्रांनो, त्या क्षणी मला कळले की ज्या मुलीने मला एवढ्या आदराने आणले, तिची पाच स्थळे मी घालवली होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारी ती मला घेऊन दाजीकाकांकडे गेली. तिने सगळे सांगितले. दाजीकाका चिडले. तुझे घड्याळच पुढे जात असेल, म्हणाले. त्यांनी आपले घड्याळ काढले आणि मला घंगाळात सोडले. दोघेही माझ्याकडे बघत बसले. मी बुडालो तेव्हा दाजीकाकांच्या घड्याळातही तीसच मिनिटे झाली होती. त्यांनी जुनी वही काढली, पंचांग काढले, बोटांवर मोजले. तीन वाजता जन्म धरला तर वृश्चिक लग्न येत होते आणि मंगळ तिसऱ्या घरात जात होता. तिसरे घर पराक्रमाचे. तिथल्या मंगळाला कुणी नावे ठेवत नाही.

अंजना एवढेच म्हणाली, "काका, मी तुमाला दोष द्यायला आले न्हाई. पण हे तुमीच सांगितलं तर लोक ऐकतील. आमच्या आजीचं तेवीस वर्षं कुणी ऐकलं न्हाई."

ती गेल्यावर दाजीकाकांनी सुई घेतली. माझ्या भोकाशी नेली. मी खरे बोलले पाहिजे. मलाही तेच हवे होते. दोन वेळा सुई फिरली असती तर मळ निघाला असता, मी पुन्हा चोवीस मिनिटांत बुडालो असतो आणि ही पोर उगीच काहीतरी बोलते असे म्हणता आले असते. गावात दाजीकाकांच्या शब्दावर लग्ने ठरत, घरांच्या वास्तू होत. सत्तरीत कुणाला आपला शब्द खोटा पाडून घ्यायचा असतो? शेवटी त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोवून ठेवली आणि मला तसेच, मळासकट, फडक्यात बांधले.

शनिवारी ते आणि आकाराम एसटीने फलटणला गेले. शालूबाईंनी चहा केला, पण त्या अवघडल्या होत्या. नाही म्हटलेल्या स्थळाचे लोक पुन्हा दारात आलेले. दाजीकाकांनी एक घमेलेभर पाणी मागितले, मला त्यात सोडले आणि हणमंतच्या मनगटावरचे घड्याळ शालूबाईंच्या हातात दिले. अर्धा तास शालूबाई कधी माझ्याकडे, कधी घड्याळाकडे बघत राहिल्या. मीही आयुष्यात पहिल्यांदा, चुकीचे का होईना, पण मनापासून बुडालो.

"शालूबाई," दाजीकाका म्हणाले, "दोष मुलीच्या पत्रिकेत नव्हता, माझ्या भांड्यात होता. आणि भांडं माझ्या हातात होतं."

शालूबाईंनी नवी पत्रिका हातात घेतली, पण उलगडली नाही. त्यांनी विचारले, "हे पोरीनं शोधलं?"

आकाराम म्हणाले, "व्हय. शाळेत पोरास्नी शिकवताना."

"आन् तुमी आपली चूक सांगाया एवढं लांब आलासा."

दाजीकाकांनी मान हलवली. शालूबाईंनी पत्रिका घडीची तशीच देव्हाऱ्यात ठेवली आणि आतल्या खोलीकडे बघून हणमंतला सांगितले की उद्या आपण दुसरीकडे कुठे जायचे नाही. आकारामनी डोळ्यांना टॉवेल लावला. तो माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला.

गावी परतल्यावर सगळ्यांत आधी दाजीकाका तानुबाईंपुढे जाऊन बसले. तुमची तीनची गाडी बरोबर होती, म्हणाले. तानुबाईंना आता कमी ऐकू येत होते. त्यांनी दोनदा म्हणायला लावले. मला वाटते, पहिल्याच वेळी त्यांना नीट ऐकू आले होते.

लग्नाआधी अंजनाने स्वतः माझे भोक साफ केले. चिंचेचे पाणी आत सोडले, बारीक तार फिरवली, पुन्हा पुन्हा घड्याळ लावून पाहिले. लग्नात मी घंगाळात उतरलो, तेव्हा निम्मा मांडव अक्षता हातात धरून आपापल्या घड्याळाकडे बघत होता. बरोबर चोवीस मिनिटांनी मी बुडालो. ताशा वाजला. त्या दिवशी पाण्याखाली मला जेवढे सुख झाले, तेवढे वर कधीच झाले नव्हते.

दाजीकाकांनी मला अंजनाला आहेर म्हणून दिले. आता मी फलटणच्या एका शाळेत, तिच्या वर्गातल्या कपाटात राहतो. मुले मला काढतात, पाण्यात सोडतात आणि मिनिटे वहीत लिहितात. कधी चोवीस भरतात, कधी पाच-दहा सेकंद वर जातात. मग अंजनाबाई तार मागतात. मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना लोक फार जपतात. पुसतात, फुले वाहतात, नमस्कार करतात. माझेही सगळे झाले आणि त्या सगळ्यात एका मुलीची तेवीस वर्षे चुकीची लिहिली गेली. म्हणून माझे मागणे थोडे वेगळे आहे. कधी शाळेत आलात तर मला हात जोडू नका. घड्याळ लावा आणि मला पाण्यात सोडा.