कमरेपर्यंतचा बाप

माझ्या बायकोने वर्षाहून जास्त काळ एका परपुरुषाला आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या खुर्चीत बसवलं. गावाने बघितलं, चर्चच्या फादरने बघितलं, माझ्या सासूने तर त्याच्या गळ्यात रुमाल बांधला. कोणाला काही वाटलं नाही. तो परपुरुष पुठ्ठ्याचा होता हे खरं. पण तो माझा सार्जंट होता, हेही तितकंच खरं.

सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे शिव्या कोणाला द्यायच्या ते नीट कळेल.

मी लुसियन डेगल. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेला, जिथे नदीपलीकडे कॅनडा दिसतो, तिथल्या सेंट रेमी गावात बटाट्याचा ट्रक चालवतो. राखीव सैन्यात मी देशप्रेमाने गेलो असं माझी आई सगळ्यांना सांगते. मी छपराच्या दुरुस्तीसाठी गेलो. भरती करणारा माणूस म्हणाला होता, "महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात दोन आठवडे. बाकी तू तुझा राजा." मी म्हटलं, एवढा वेळ तर मी सासूकडे घालवतो, आणि तिथे कोणी पगार देत नाही.

मग इराकचं युद्ध आलं आणि तो शनिवार-रविवार जो लांबला तो लांबलाच. आमची अख्खी ट्रकवाली तुकडी उचलून वाळवंटात नेऊन टाकली. आमच्यात दोन शाळामास्तर, एक न्हावी आणि गावातला एकुलता एक प्लंबर होता. त्या हिवाळ्यात गावातले नळ गोठून फुटले, तेव्हा प्लंबर वाळवंटात पाण्याच्या बाटल्या वाहत होता. ज्यांनी युद्ध पुकारलं त्यांच्यातला एकही आमच्या ताफ्यात ट्रक चालवायला नव्हता. मी शोधला होता.

निघालो तेव्हा माझी मुलगी एलिस रांगतही नव्हती. बॉम्ब, गोळ्या, विंचू सगळ्यांची भीती वाटायची, पण ती रस्त्यावर वाटायची. रात्री उशीवर डोकं टेकलं की एकच भीती उरायची: परत जाईन तेव्हा ही पोर मला ओळखणार नाही.

त्यावर उपाय निघाला होता. आमच्याकडे तेव्हा नवीनच टूम होती. लढायला गेलेल्या बापाचा फोटो माणसाच्या मापाचा मोठा करायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कापायचा आणि घरी द्यायचा. म्हणजे पोरांना चेहरा लक्षात राहतो. फोटो फक्त कमरेपर्यंत. कमरेखालचा बाप परवडत नाही, असं आमच्या कुटुंब-मदत मंडळाच्या डार्लीनबाई सांगायच्या. डार्लीनबाई चांगल्या मनाच्या होत्या. जगातले निम्मे घोटाळे चांगल्या मनाचे लोक करतात आणि उरलेले निम्मे कर्नल करतात.

आमच्या खोऱ्यात बटाटा भिरकावला तर तो एखाद्या डेगललाच लागतो. तुकडीत आम्ही दोन डेगल होतो, मी आणि सार्जंट नॉर्मंड डेगल. नातं काही नाही. सार्जंट म्हणजे झाडूसारख्या मिशा, बशीएवढे कान आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की तुम्ही आत्ताच त्याच्या बुटावर थुंकलात. गावी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. लग्न नाही, मूलबाळ नाही. माझ्या पॅकिंगपासून माझ्या खोकल्यापर्यंत त्याला सगळ्यात खोट दिसायची.

फोनवर माझी बायको जिझेल हसत होती. इतकी हसत होती की आधी मला वाटलं रडतेय.

"लुसियन, तू आलास."

"कुठे आलो?"

"घरी. पार्सलमधून. पण तू तुझा सार्जंट आहेस."

"काय?"

"मिशा, कान, सगळं तेच. डार्लीनबाईंनी दुसरा डेगल मोठा केला."

"परत पाठव! आत्ताच्या आत्ता पाठव!"

"पाठवणारच होते रे. कोठारात ठेवून येते म्हणत होते. तेवढ्यात एलिस आली, त्याच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाली, पापा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पहिला शब्द तिचा," जिझेल म्हणाली. आता हसत नव्हती. "मी काय करू? तोंडावर हात ठेवू तिच्या?"

नवा पुठ्ठा मागवला तर पुढच्या वसंतात मिळेल, असं डार्लीनबाईंनी सांगितलं. वसंतात आम्ही परतच येणार होतो. मी म्हटलं, राहू दे. सार्जंटला मात्र कळता कामा नये.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाचा फोटो आला तेव्हा तंबूत मी एकटाच संगणकावर होतो. फोटो उघडेपर्यंत मागे सगळी तुकडी उभी. टेबलाच्या अग्रभागी, माझ्या खुर्चीत, गळ्यात रुमाल बांधून सार्जंट बसलेला. समोर टर्की. शेजारी माझी सासू ब्लांश त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने तिने मला कधी बघितलेलं नाही.

न्हावी जमिनीवर लोळून हसला. मग हसणं एकदम थांबलं, कारण तंबूच्या दारात मिशा दिसल्या.

सार्जंट वाकला. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता मला संडास साफ करायला लावणार, युद्ध संपेपर्यंत.

"टर्की कोरडी झालीय," तो म्हणाला. "आणि माझ्या पानात ग्रेव्ही का नाही?"

"सार्जंट, तुम्ही... तुम्ही पुठ्ठ्याचे आहात."

"म्हणून काय झालं? पाहुण्याचं पान आहे ते. बायकोला सांग."

तिथून जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. दर रविवारी माझा फोन झाला की हा माणूस बाहेर उभा. हात मागे बांधलेले, नजर आकाशात, जसं काही विमानं मोजतोय.

"डेगल. या आठवड्यात मी काय केलं?"

"तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेलात, सार्जंट. एलिसबरोबर."

"रडलो?"

"ती रडली."

"हं. आणि?"

"चर्चला गेलात. पहिल्या रांगेत बसलात. परतताना वाऱ्याने उडालात, फादरच्या गाडीवर आपटलात."

"लागलं?"

"कान थोडा दुमडलाय. सासूबाईंनी चिकटपट्टी लावली."

एकदा फोटोत एलिस बर्फात उभी होती, शेजारी पुठ्ठा. सार्जंट माझ्या अंगावर ओरडला, "टोपी कुठाय पोरीची? एवढ्या थंडीत माझ्याबरोबर बाहेर काढायचं आणि डोक्यावर टोपी नाही? हे कसलं घर चालवतोस?"

"घर तुम्ही चालवताय, सार्जंट! मी इथे आहे!"

"मीही इथेच आहे, गाढवा," तो म्हणाला. ते खरं होतं.

वसंत आला. बॅगा भरल्या. तेव्हा कर्नल आला, आइस्क्रीम घेऊन. सैन्यात फुकट आइस्क्रीम दिसलं की समजावं, कोणीतरी तुमचं वाट्टोळं केलंय. कर्नल म्हणाला, देशाला आपली गरज आहे, मुक्काम वाढवलाय, बर्फ पडायच्या आत घरी पोचाल. मग म्हणाला, दोन फ्लेवर आहेत. प्लंबरने हातातला कप पालथा केला आणि ते वाळूत जिरताना बघत बसला. टाळ्या फक्त कर्नलच्या ड्रायव्हरने वाजवल्या.

मी जिझेलला फोन केला. "त्या पुठ्ठ्यावर माझा चेहरा चिकटव. लग्नातला फोटो मोठा कर. काहीही कर."

तिने केलं. एलिस सकाळी उठून आली, पापाच्या अंगावर दुसऱ्याच कोणाचं डोकं बघितलं, आणि अशी किंचाळली की शेजारचा म्हातारा हातात फावडं घेऊन धावत आला. पोरीने माझा चेहरा नखांनी ओरबाडून काढला, आणि खालून सार्जंटच्या मिशा दिसल्यावर शांत होऊन तिथेच झोपली. जिझेलने मला हे सावकाश सांगितलं, मध्ये थांबत थांबत. त्या दिवशी सार्जंटने मला काही विचारलं नाही. माझ्या वाट्याची पहाऱ्याची पाळी मात्र त्यानेच केली.

शेवटी परतलो. शाळेच्या व्यायामशाळेत बँड, झेंडे, भाषण. भाषण द्यायला कर्नलच होता, या वेळी आइस्क्रीमशिवाय. जिझेल माझ्या गळ्यात पडली. खाली एलिस उभी, डोक्यावर टोपी. मी गुडघ्यावर बसलो, हात पसरले. ती माझ्या हाताखालून वाकून पलीकडे धावली.

पलीकडे सार्जंट एकटा सामान उचलत होता. त्याला घ्यायला कोणीच आलं नव्हतं. एलिस त्याच्यासमोर थबकली. वर मिशा बघितल्या, बरोबर. कान बघितले, बरोबर. मग नजर खाली आली आणि ती ओरडली, "पाय!"

तिने त्याच्या पँटचा पाय वर करून बघितला. आत खरंच पाय होता. तिने त्याला मिठी मारली. कित्येक वर्षांत त्याला कोणी अशी मिठी मारलेली नसावी. सार्जंट जागच्या जागी ताठ झाला, डोळे समोर, श्वास बंद. हुबेहूब पुठ्ठा! पोरीची खात्रीच पटली.

"डेगल," तो ओठ न हलवता म्हणाला, "ही तुझी आहे. घे."

मी घेतली. ती माझ्या कानाला चावली.

घरी तर आणखी मजा. माझ्या खुर्चीत पुठ्ठा, मी स्टुलावर. मी बोललो की रडायची. उठलो की आईच्या मागे. "हा हलतो!" अशी तिची माझ्याविरुद्ध तक्रार. बाप हलत नाही, बापाला आवाज नसतो, बाप कमरेपाशी संपतो. पोरीचं शिक्षण पूर्ण झालेलं होतं. मी पुठ्ठा उचलून शेगडीकडे निघालो तेव्हा जिझेल दारात आडवी आली.

"जाळ. म्हणजे आत्ता तू फक्त परका आहेस, मग बापाचा खुनी होशील."

"मग मी काय करू? आयुष्यभर स्टुलावर बसू?"

"माझ्यावर ओरडू नकोस. मी वर्षभर पुठ्ठ्याशी भांडलेय, तो निदान उलटून बोलत नव्हता."

रविवारी सार्जंटचा पिकअप दारात. नवा शर्ट, हातात एलिससाठी लोकरीची टोपी. सासूबाईंनी कोंबडीचा रस्सा आणि आमचे प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे घावन, केले होते. त्याला बघून त्या लाजल्या. मी डोळे मिटून घेतले.

त्याने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. पुठ्ठा, पुठ्ठ्यासमोरचं पान, स्टुलावरचा मी.

"डेगल, उठ. पुठ्ठा बाहेर माझ्या गाडीत ठेव. तू खुर्चीत बस. टेबलक्लॉथ मांडीवर घे, कमरेखालचं काही दिसता कामा नये."

"सार्जंट, हे काय..."

"सावधान!"

इतक्या दिवसांची सवय. बसलो.

"हनुवटी वर. डोळे समोर. हसायचं नाही, मी फोटोत हसत नव्हतो. पापणी हलली, पुन्हा! ब्लांशबाई, रुमाल."

सासूबाईंनी माझ्या गळ्यात रुमाल बांधला. आवळूनच बांधला. जिझेल फडक्यात तोंड खुपसून थरथरत होती. खऱ्या सार्जंटला त्यांनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रिजच्या आडोशाला बसवलं.

एलिस आली. थांबली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. नाकाला खाज सुटली. वाळवंटात ट्रकखाली सुरुंग आहे का ते बघताना जेवढा स्थिर राहिलो नसेन, तेवढा स्थिर राहिलो. ती खुर्चीवर चढली. माझ्या पोटावर थाप मारली. मग घावनाचा तुकडा रश्शात बुडवला आणि माझ्या तोंडावर दाबला, रोज त्या पुठ्ठ्यावर दाबायची तसा. पुठ्ठ्याच्या ओठांवर डागांचा थर का होता ते तेव्हा कळलं. रस्सा हनुवटीवरून शर्टात उतरला. मला भूक लागली होती. मी माणूस आहे. मी तोंड उघडलं आणि तुकडा खाल्ला.

फ्रिजमागून सार्जंट कुजबुजला, "मुर्दाडा! कोणी सांगितलं खायला?"

एलिस माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तुकडा खाली पडला का म्हणून टेबलाखाली बघितलं. नव्हता. माझं तोंड बोटाने उघडून आत बघितलं. तिथेही नव्हता. वर्षाहून जास्त काळ ती एका माणसाला भरवत होती आणि त्या माणसाने एकदाही घास गिळला नव्हता.

"खाल्लं!" ती म्हणाली.

तिने दुसरा घास दिला. मी खाल्ला. तिसरा दिला. ती हसायला लागली, पोट धरून, आईसारखी. मग अख्खं घावन, मटार, लोण्याचा गोळा, स्वतःच्या पायातला मोजा. मोजाही मी बराचसा चावला.

"पापा खातो," तिने आईला बातमी दिली.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पण मी हललो नाही, कारण हुकूम अजून मागे घेतलेला नव्हता. सार्जंट फ्रिजकडे तोंड करून नाक शिंकरत होता.

"विश्राम," तो शेवटी म्हणाला.

पुठ्ठा त्याने नेला. पिकअपच्या पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. आता तो दर रविवारी जेवायला येतो. आमच्या घरात खाणारा पापा आणि पायवाला पापा असे दोन आहेत, आणि सासूबाईंना अजून पायवालाच आवडतो. ग्रेव्ही त्याला आधी मिळते.

पुन्हा बोलावणं येणार, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. सैन्याचे शनिवार-रविवार कधी संपत नाहीत. म्हणून गेल्या आठवड्यात मी फोटो स्टुडिओत जाऊन स्वतःचा फोटो काढून घेतला, पायांसकट, बुटांसकट. आणि तोंड उघडं ठेवलं. स्टुडिओवाला म्हणाला, "अहो, तोंड मिटा, विचित्र दिसतंय." मी म्हटलं, तू तुझं काम कर. पुठ्ठ्याला तोंडाच्या जागी भोक पाडून मागे एक डबा लावायचाय. इंजिनवाला माणूस आहे आमच्याकडे, तो लावून देणार आहे.