खिडकीकडची खाट

सारवलेल्या जमिनीवर खाटेच्या पायांचे चार ठसे उमटले होते. भिंतीकडचे दोन जेमतेम दिसत होते, खिडकीकडचे दोन मात्र पेरभर खोल. खोलीत उतरलेली रशीदा आठवडाभर त्याच टोकाला बसून वाईकडे उतरत जाणारं खोरं बघत होती. झाडायला खाट सरकवलेल्या तानुबाईंनी केरसुणी बाजूला ठेवली आणि एका ठशात बोट घालून पाहिलं.

पाचगणीच्या घाटात, रस्त्यापासून थोडं वर त्यांचं घर होतं. फौजेतून परतल्यावर त्यांच्या नवऱ्यानं, लालासाहेबांनी, घराला लागून दोन खोल्या बांधल्या. मे महिन्यात पाचगणीतली हॉटेलं भरली की मुक्काम शोधत फिरणाऱ्यांना त्या भाड्यानं द्यायच्या, असा बेत होता. माणसं आली, पण तानुबाईंना भाडं घेता येईना. आपल्या चुलीवरची भाकरी ज्यानं खाल्ली तो पाहुणा. त्याच्यापुढं हात पसरायचा कसा? गेल्या वर्षी पुण्याच्या एका कुटुंबानं उशीखाली नोटा ठेवल्या, तर त्या धावत रस्त्यावर गेल्या आणि एसटीच्या खिडकीतून नोटा आत टाकून आल्या. वर एक नारळही दिला. कंडक्टरलाबी एक द्यायचा हुतास, असं लालासाहेब म्हणाले होते.

ते कुटुंब यंदा आलं नाही. कालवणात तिखट जास्त झालं असेल, असं तानुबाईंना वाटत राहिलं.

लालासाहेबांनी बायकोच्या मागं कुणाकडून पैसे घेतले नाहीत. जेवू तिनं घातलंय, तर बोलायचंही तिनंच, असं त्यांचं म्हणणं. पण पेन्शनीत भागत नव्हतं. पुण्याच्या एका कारखान्यात पहारेकऱ्याची जागा होती आणि तिथला माणूस सोमवारी उत्तर न्यायला येणार होता. खोल्या चालल्या तर जात न्हाई, तुझं तू ठरीव, एवढंच ते म्हणत. फौजेच्या साऱ्या वर्षांत तानुबाईंनी नवरा सुट्टीपुरताच पाहिला होता. आता कुठं सकाळचा चहा दोघं मिळून पिऊ लागले होते.

रशीदाचा नवरा रहिमान मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे कोरायचा. त्या भुशानं तिचा खोकला हटेना, म्हणून त्यानं तिला हवा बदलायला आणलं होतं. इथं आल्यावर ती रात्रभर सलग झोपू लागली होती.

बाहेर रहिमाननं वळकटी बांधली आणि आत येऊन नोटा पुढं केल्या. तानुबाईंनी नेहमीसारखा त्याचा हात मागं लोटला आणि रशीदाच्या हातात घेवड्याची पिशवी दिली. रशीदानं ती खाटेवर ठेवून दिली.

"मावशी, मग पुढच्या वर्सी आमी येत न्हाई."

"का गं? कोण काय बोललं का?"

"कोण बोलणार? तुमी घेतच न्हाई. फुकट एकदा ऱ्हावं मानसानं. दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं यायचं?" तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "मला तर यायचंच हाय."

तानुबाईंना एसटीतल्या त्या पुण्याच्या बाईचा चेहरा आठवला. नारळ हातात घेऊन ती ओशाळून बसली होती. तिखटाचा काही संबंध नव्हता.

खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. लालासाहेब वळकटी उचलायला वाकले होते. तानुबाईंनी ठशांवरून नजर उचलली आणि त्यांना आत बोलावलं. ते दारात उभे राहिले. बोलताना त्या रशीदाकडं बघत होत्या, पण आवाज दारापर्यंत जाईल इतका मोठा होता.

"खोलीचं भाडं आठवड्याला वीस रुपयं. भाकरीचं कायबी न्हाई." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आन् आवं, सोमवारी त्या पुण्याच्या मानसाला सांगा, आमचं मानूस येत न्हाई."