ओरखड्याला आडवा हात

"टूथपेस्ट लावली होती ना?" केरूने फोन खिडकीच्या उजेडात तिरपा धरत विचारलं.

दारात उभ्या असलेल्या शकुबाईने पदर सावरला. "नाय बा. कोण म्हणतं?"

"कोपऱ्यात पांढरं बसलंय. आवाज येतो त्या जाळीत पण गेलंय. अन् पुदिन्याचा वास येतोय."

"आता मोबाईलमधीच दाखवलं होतं, टूथपेस्टनी वरखाडे जातात म्हणून. मी म्हटलं, दात पांढरे निघत्यात तर काच का नाय निघायची?"

"काच निघत नसती, शकुबाई. काचेला वरखाडा पडला का तो काचेचाच होऊन जातो. घासत बसलं तर वरचा गुळगुळीतपणा तेवढा जातो. तुमच्या काचेवर हा प्लास्टिकचा गार्ड हाय म्हणून वाचलात. गार्ड हाताला येतो, घासला का साफ होतो."

"मग आणा की हाताला. लय बोलायला लागले तुम्ही," शकुबाई म्हणाली, आणि झाकलेली भाजीची वाटी ओट्यावर ठेवून भिंतीला टेकून बसली.

केरू पगारे लय बोलत नसे. अंबडच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षं पितळी नळांना पॉलिश केलं होतं. फिरत्या चाकासमोर उभं राहून तोंडाला फडकं बांधलेलं. बोलायचं कुणाशी आणि ऐकणार कोण? निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहवेनात, तेव्हा तो कॉलनीतल्या लोकांच्या घड्याळांच्या काचा, चष्मे, आणि मग फोन साफ करून देऊ लागला. आधी कोरड्या मऊ कापडाने धूळ उचलून घ्यायची, कारण धूळ तशीच घासली की तीच नवे ओरखडे काढते. मग कापडाचा कोपरा जेमतेम ओला करून पुसायचं. पाणी थेट काचेवर टाकायचं नाही. आणि शेवटी, गार्ड प्लास्टिकचा असेल तर, करंगळीच्या नखावर मावेल एवढं पॉलिश घेऊन अंगठ्याने घासायचं.

घासण्याचे दोन नियम त्याला पहिल्याच आठवड्यात कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने शिकवले होते. एक, ओरखड्याच्या बाजूने घासायचं नाही, त्याला आडवं घासायचं. बाजूने घासलं तर तो आणखी खोल जातो. आणि दुसरा, हात फिरवायचा नाही, वस्तू फिरवायची. हात एकाच दिशेने चालला पाहिजे, वस्तूने त्याच्यापुढे वळलं पाहिजे. एकतीस वर्षांत केरूचा अंगठा डावीकडून उजवीकडे सोडून दुसरीकडे कुठे गेला नव्हता.

शकुबाई फोन घेऊन गेली आणि घर गप्प झालं. त्याची बायको सिंधू जाऊन तीन महिने झाले होते. घरात तिच्या वस्तूंना हात लावायचं त्याला धाडस होत नव्हतं. पण त्या दुपारी हात चालता झाला होता, पॉलिशची डबी उघडीच होती, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फळीवर सिंधूचा फोन होता. तो रोज चार्ज करायचा आणि परत तिथेच ठेवायचा. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्याने तो खाली घेतला.

सिंधू कंपन्यांतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना भाकरी करून द्यायची, दिवसाला साठ-सत्तर. बाजरीच्या पिठात कितीही चाळलं तरी बारीक कच राहतेच, आणि तीच बोटं फोनवर. शिवाय तव्याने भाजून भाजून तिच्या बोटांची टोकं अशी निबर झाली होती की फोनला ते बोट आहे हेच कळायचं नाही. मग ती दाबून, रेटून बोट ओढायची. "ह्याला बी माझी ओळख लागंना," असं म्हणायची. गार्डवर ओरखड्यांचं जाळं झालं होतं. त्यातही एका ठिकाणी ते दाट होते, माळावरून रोज माणसं गेली की गवतात पायवाट दिसते तसे. केरूने फोन उजेडात धरला, ती वाट पाहिली, आणि ओरखडा दिसल्यावर जन्मभर त्याच्या मनात जे आलं तेच आलं. हे निघेल.

तासभर तो बसला. दवाखान्यात तीन दिवस तो नुसता बाकावर बसून होता. पाण्याची बाटली भरून आणण्यापलीकडे सिंधूसाठी काही करता आलं नव्हतं. आता करता येत होतं. अंगठा डावीकडून उजवीकडे चालत होता आणि फोन त्याच्यापुढे हळूहळू वळत होता. शेवटी त्याने कोरडं कापड फिरवलं. पडदा दुकानातून आणल्यासारखा लखलखीत झाला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला त्या दिवशी भूक लागली.

जेवून ताट धुतोय तोच विंचूरहून उज्वलाचा फोन आला. लेक रोज संध्याकाळी फोन करायची. जेवला का, गोळी घेतली का, एवढंच दोघांचं बोलणं व्हायचं.

"बाबा, एक आठवलं," आज ती म्हणाली. "आईचा आवाज हाय ना आपल्याकडं!"

"कुठं?"

"तिच्या फोनमधी. किराण्याच्या याद्या. विसरले का?"

केरू ओट्याला टेकला. सिंधूला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती यादी फोनमध्ये बोलून ठेवायची आणि फोन उघडून त्याच्या हातात द्यायची. "वाटेत बंद पडू देऊ नका, बोट टेकवत ऱ्हा." तो पडद्यावर अधूनमधून बोट टेकवत दुकानापर्यंत जायचा. एकदा दुकानात गर्दीत आवाज मोठा राहिला आणि सगळ्यांनी ऐकलं : "तूरडाळ एक किलो, मीठ, खोबरं दाखवतील ते घेऊ नका, वास घेऊन बघा. अन् भाव करा जरा, नुसती मुंडी हलवू नका." दुकानातले सगळे हसले होते. केरूने मुंडी हलवली होती.

"पन्नास तरी असतील," उज्वला म्हणत होती. "मला तर ती थेट फोनच करायची, बोलून कधी पाठवलंच नाय. माझ्याकडं तिचा एक शब्द नाय, बाबा. परवा मला तिचा आवाज आठवंना झाला. चेहरा आठवतो, आवाज येत नाय." तिचा स्वतःचाच आवाज चिरकला. "तेवढं करा."

"त्याला कुलूप हाय."

"तेजलताईकडं न्या उद्या. ती काढंल काहीतरी."

तेजलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान रिक्षा स्टँडच्या मागे होतं. चाळिशीची, डोळ्याला भिंग लावून बसलेली तेजल कॉलनीतल्या प्रत्येक फोनला मालकाच्या नावाने ओळखायची. "काकूंचा ना हा?" तिने भिंग वर सरकवलं. "मीच दिला होता. या, बसा काका."

केरूने काय हवं ते सांगितलं. दोन वाक्यांत सांगायचं त्याला पाच वाक्यं लागली.

"उघडेल, पण सगळं पुसून," तेजल म्हणाली. "आतलं काही राहणार नाही. तसलं नकोच आपल्याला. पॅटर्न पाहिजे. नऊ ठिपक्यांवरून त्यांचं बोट कसं जायचं ते."

"तुम्हीच लावून दिला होता म्हणे."

"लावून दिला, पण बघितला नाही. गिऱ्हाईक पॅटर्न काढतं तेव्हा मी तोंड फिरवते. आमच्या दुकानाचा नियम आहे. काकू तर म्हणाल्या होत्या, माझं असं एवढंच आहे, ते माझ्यापाशीच राहू दे." ती हसली. "पण काळजी करू नका. एक युक्ती असते. रोज तेच बोट तिथूनच जातं ना? जुन्या गार्डवर त्याची वाट पडते. काकूंचा हात कसला रेटून! तिरपा धरला की लगेच दिसेल."

तिने दुकानातला दिवा खाली ओढला आणि फोन त्याच्याखाली तिरपा धरला. मग दुसऱ्या बाजूने. मग दाराशी जाऊन उन्हात.

"काका, गार्ड नवीन टाकला का?"

केरूने मान वर केली.

"नाय. तोच हाय."

"मग असा कसा? एक रेघ नाही यावर."

"काल घासला," तो म्हणाला. "मी."

बाहेर रिक्षावाले कुणाला तरी हाका मारत होते. तेजल परत काउंटरमागे येऊन बसली, त्याच्याकडे न बघता. "काम मात्र एक नंबर केलंय तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "मशीनवर पण असा होत नाही." आणि बोलून झाल्यावर ती खालचा ओठ चावत बसली.

"काकूंचं बोट कुठून सुरू व्हायचं, आठवतं का? वरून की खालून? तुमच्यासमोरच उघडत असतील ना?"

समोरच उघडायची. दिवसातून दहा वेळा. केरूने डोळे मिटले. त्याला सिंधूच्या फोनवरचा पिठाचा डाग दिसला, कव्हरच्या कोपऱ्यातला तडा दिसला, तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा दिसला. बोट दिसलं नाही.

"पण तुम्ही वाट बघितली असेल ना, घासायच्या आधी?"

"बघितली. बघूनच घासतो. वरखाड्याला आडवं घासावं लागतं."

"मग झालं तर!" तेजल पुढे झुकली. "हात कसा कसा चालला ते आठवा. त्याच्या आडवं काढलं की वाट मिळेल."

केरूने उजवा अंगठा काउंटरवर टेकवला. अंगठा डावीकडून उजवीकडे गेला. त्याने उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा डावीकडून उजवीकडे.

"सारखं असंच?"

"हात नाय फिरवत आम्ही," तो म्हणाला. "वस्तू फिरवतो."

तेजलने फोन त्याच्या हातात दिला. घरी बसून शांतपणे एकेक पॅटर्न काढून बघा म्हणाली. पाच वेळा चुकलं की तो अर्धं मिनिट थांबवतो, मग वेळ वाढवत नेतो, तर घाई करू नका. केरूने मुंडी हलवली.

उज्वलाला त्याने संध्याकाळी सांगितलं, "बघते म्हणाली तेजल." खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. मग चार दिवस तो खिडकीशी बसून नऊ ठिपक्यांशी झगडला. वरून खाली. खालून वर. चौकोन. भाकरीसारखा गोल. फोन दर वेळी थरथरायचा आणि लाल रेघ दाखवायचा. थांबा म्हणायचा तेव्हा केरू थांबायचा. त्याला एकदा वाटलं, सिंधू अशीच म्हणायची, ह्याला बी माझी ओळख लागंना. पण हे शब्द तिच्या आवाजात त्याला ऐकू आले नाहीत. त्याच्याच आवाजात आले.

पाचव्या दिवशी दुपारी फळीवरचा फोन वाजला.

त्याचा नव्हे. सिंधूचा.

पडद्यावर उज्वला हसत होती. कांद्याच्या गोण्यांना टेकून उभी, डोक्याला रुमाल, पूर्ण पडदाभर. केरूने हिरवं बटण ओढलं. कॉल घ्यायला कुलूप आड येत नाही.

"हॅलो," तो म्हणाला.

पलीकडे एक खोल श्वास ऐकू आला. "बाबा? तुम्हाला लावत होते... हात चुकला. सवयीनं आईलाच लागला."

"ऱ्हाऊ दे."

"उघडला का फोन? तेजलताई काय म्हणाली?"

सिंधूचा फोन कानाला लावून सिंधूच्या लेकीशी खोटं बोलणं त्याला जमेना. "उघडणार नाय तो," केरू म्हणाला. "तिच्या बोटाची वाट होती त्याच्यावर. त्याच्यावरून उघडला असता. मीच पुसली. घासून काढली."

"घासून?"

"पॉलिश केला. लय घाण झाला होता म्हणून."

केरू वाट बघत राहिला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग तिकडून हसू आलं, आणि हसता हसताच ते ओलं झालं.

"आई काय म्हणायची माहितीये? तुझ्या बापाच्या हाती दिला तर चांदोबाचे बी डाग घासून काढतील."

"असं म्हणायची?"

"तुमच्या माघारी. नेहमी." तिने नाक ओढलं. "तुम्हाला कधी नाय म्हणाली?"

"नाय."

"जाऊ द्या, बाबा. तिचे शब्द तरी हायेत. आवाज..." तिने वाक्य सोडून दिलं. "गोळी घेतली का?"

"घेतली."

फोन बंद झाल्यावर उज्वलाचा फोटो गेला आणि कुलूप परत आलं. केरूने तो परत फळीवर ठेवला. सिंधूला नावं वाचता येत नसत, म्हणून प्रत्येकाचा फोटो लावला असणार. उज्वलाने शिकवलं असेल. शकुबाईचा असेल, तेजलचा असेल, दुकानदाराचा असेल. त्याने बाहेरून कितीदा तरी तिला फोन केला होता, उशीर होईल म्हणून सांगायला. पण आपण फोन करतो तेव्हा समोरच्याच्या हातात आपण कसे दिसतो, हे आपल्याला कधी दिसत नाही.

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि सिंधूचा नंबर लावला.

क्षणभर काही झालं नाही. मग फळीवर पडदा उजळला. स्वच्छ, एकही रेघ नसलेला. त्यात खिडकी होती, ही समोरचीच. खिडकीखाली एक माणूस मांडी घालून बसला होता. विरळ झालेले केस, टाळूवर पडलेलं ऊन, पुढे झुकलेले खांदे, आणि मांडीवरच्या कापडात गुंतलेले दोन हात. फोटो स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला होता, जिथे ती उभी राहायची. थोडा हललेला होता. माणसाचं तोंड दिसत नव्हतं.

केरू जवळ गेला. रिंग वाजत होती, वाजतच होती. फोटोतला माणूस खाली मान घालून काहीतरी घासत होता, आणि त्याने वर पाहिलं नाही.