माझ्यात कोरलेला वर्लाचा आवाज

माझ्या पहिल्या बाजूवर, काठापासून तीन सेंटिमीटर आत, एक गडद वर्तुळ आहे. त्याची रुंदी जेमतेम पाच मिलिमीटर. दिवा तिरपा धरला तरच ते दिसतं. तिथल्या खोबणी शांत आहेत, म्हणून एकमेकींना बिलगून बसल्या आहेत. त्या जागी गिटार थांबते, ड्रम थांबतात आणि वर्ला एकटी गाते.

मित्रांनो, मी १९७४ साली निघालेली गाण्याची तबकडी आहे. माझं नाव 'मक्यातली वेधशाळा'. ते तुम्ही ऐकलं नसेल. आमच्या इंडियाना राज्यातही फारसं कुणी ऐकलेलं नाही. आम्ही जेमतेम पाचशे बहिणी. माझ्यावर दोनच गाणी आहेत, एकेका बाजूला एकेक. त्यांतले ताल सारखे बदलतात, त्यामुळे माझ्यावर कुणाला नाचता आलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी नाचासाठी जन्मलेच नव्हते.

ड्वेन हॉफरच्या वडिलांच्या पशुखाद्याच्या गोदामात ही गाणी टेपवर भरली गेली. गाणी ड्वेनची, गिटार त्याची, आवाज वर्ला स्टोल्ट्झचा. टेपचं यंत्र जुनं होतं आणि थोडं हळू चालत होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारखान्यातल्या चांगल्या यंत्रावर तीच टेप नेमक्या वेगानं फिरली आणि सगळे सूर वर चढले. मग दोन तप्त साच्यांमध्ये दाबून मला घडवलं. मला जे दिलं, ते मी जसंच्या तसं धरून ठेवलं.

पहिलं खोकं उघडलं त्या दिवशी वर्लाचा चेहरा उतरला.

"ही मी नाही. ही कुणीतरी बारा वर्षांची पोरगी आहे."

"अगं, स्वतःचा आवाज कुणालाच ओळखू येत नाही," ड्वेन हसून म्हणाला. "आम्ही रोज ऐकतो ना? तू अश्शीच गातेस!"

गिटारही चढीच वाजत होती. पण आनंदाच्या भरात तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. वर्लानं त्याच्यावर विश्वास ठेवला. जत्रांमधून गाताना ती माझ्यावरचा आवाज गाठायला धडपडू लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा गळा बसला. ती गाणं सोडून शाळेची बस चालवू लागली. एकतीस वर्षं चालवली. चर्चमध्येही ती नुसते ओठ हलवायची.

मी तिच्या कपाटात, नाताळच्या सजावटीमागे राहिले. तिनं मला उभं ठेवलं होतं, म्हणून मी वाकले नाही. मित्रांनो, तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, आणि हात लावायचा तो फक्त कडेला.

तीन वर्षांपूर्वी एका लहान कंपनीनं मला पुन्हा काढायचं ठरवलं. बँडमधल्या सगळ्यांनी सह्या केल्या, एक वर्ला सोडून. तो परका आवाज तिला आपल्या नावावर पुन्हा नको होता. कंपनीचं संमतीपत्र फ्रिजवर चुंबकाखाली पिवळं पडत राहिलं.

गेल्या ऑक्टोबरात, एका दुपारी, ड्वेन आला. सोबत जुनी ध्वनिमुद्रणं दुरुस्त करणारी मेरीबेथ होती. वर्लानं पर्सिमन नावाच्या केशरी, गोड फळाचं पुडिंग केलं होतं.

"सही कर ना बाई," ड्वेन म्हणाला. "मी काय थडग्यातून वाट बघू?"

"तू पुडिंग खा. तेवढंच तोंड बंद राहील."

मेरीबेथनं मला मऊ ब्रशनं पुसलं, सोबत आणलेल्या यंत्रावर ठेवलं आणि सुई टेकवली. पहिल्या सुरापूर्वी माझ्यावर तीन सेकंदांची शांतता आहे, आणि तिच्यात एक बारीक गुणगुण. मेरीबेथनं ती मापकावर मोजली. पुन्हा मोजली.

"ही गोदामातल्या विजेची गुणगुण," ती म्हणाली. "आपल्या अमेरिकेत वीज सेकंदाला साठ वेळा कंप पावते. इथे त्रेसष्ट येतात. म्हणजे तुमचं टेपचं यंत्र हळू होतं. बाई, हा आवाज तुमचा नाहीच."

ड्वेनचा चमचा हवेतच थांबला.

तिनं वेग किंचित उतरवला आणि सुई त्या गडद वर्तुळावर ठेवली. माझ्यातून एक भरदार, खोल आवाज निघाला. पन्नास वर्षं मी तो अंगावर वागवला होता, आणि मलाच तो ठाऊक नव्हता.

वर्ला खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"मी तुला खोटं पाडलं," ड्वेन हळूच म्हणाला. मग चाचरत पुढे म्हणाला, "पण... जपानात जुन्या तबकड्या जमवणारी पाच-पन्नास माणसं त्या चढ्या आवाजावर जीव टाकतात गं. बदलला तर चिडतील."

आता मी चुकीची ठरणार, हे मला कळलं. तरी मी डगमगले नाही. खरं काय ते माझ्याच खोबणींतून निघालं होतं.

वर्लानं हात पुसले आणि चुंबकाखालचं पत्र काढलं.

"निघू दे पुन्हा," ती म्हणाली. "पण माझ्या आवाजात."