रुखवतातली गाडी

दशरथच्या हातात कला होती, आणि ती आहे हे चारचौघांना कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात तो लग्नपत्रिका कापायचं काम करी. जाड कागदाचे उरलेले तुकडे पिशवीत भरून बिबवेवाडीला घरी आणी आणि त्यांच्या गाड्या करी. रिक्षा, पीएमटीची बस, मालट्रक, काय म्हणाल ते. ओळखीत कुठे लग्न निघालं की मुलीची आई रुखवतासाठी त्याच्याकडे एखादी गाडी मागे. लग्नाच्या दिवशी लाडू-करंज्या आणि विणलेल्या रुमालांच्या शेजारी ती मांडली की हे गृहस्थ त्या टेबलापासून हलायचे नाहीत. कुणीतरी विचारायला हवं ना, ही केली कुणी म्हणून.

आता सख्ख्या भाचीचं लग्न होतं. बहिणीला, मंदाकिनीला, नवरा गेल्यावर साड्यांना फॉल-पिको करत एकटीनेच मुलीला वाढवावं लागलं. तीच मुलगी, उत्कर्षा, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि तिथल्याच पृथ्वीराजशी तिने लग्न ठरवलं. मुलाचे वडील दत्तोबा मूळचे शेतकरी. गाव महापालिकेच्या हद्दीत आलं, जमीन बिल्डरकडे गेली आणि घरापुढे दोन मोठ्या गाड्या उभ्या राहिल्या.

उत्कर्षाची अट सरळ होती. देणं नाही, घेणं नाही, हॉलचा खर्च दोघांचा निम्मा निम्मा. ही अट घरात मान्य करून घेण्यासाठी पृथ्वीराजने वडिलांशी आठवडाभर अबोला धरला होता. शेवटी दत्तोबा म्हणाले होते, "बरं बाबा, सुपारीसुद्धा मागत न्हाय." नवरा-नवरीने एकमेकांना दिलेला शब्द होता तो, आणि उत्कर्षा त्याच्या जोरावरच त्या घरात जाणार होती.

दशरथने चारचौघांत तिची पाठ थोपटली. मनात मात्र त्याला ते टोचत होतं. एवढ्या तालेवार घरात पोरगी मोकळ्या हाताने पाठवायची म्हणजे लोक आपल्यालाच नावं ठेवणार, मामा काय झोपला होता का म्हणणार. हे कुणाला बोलता येईना, म्हणून त्याने सगळा जीव गाडीत ओतला.

पांढरी सॅन्ट्रो केली त्याने, हातभर लांब. घड्या नीट पडाव्यात म्हणून कागदावर आधी रिकाम्या रिफिलने रेघा दाबून घेतल्या. कागदाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून चाकं वळली. शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक कागदाच्या काचा लावल्या, पुढच्या दिव्यांना मंदाकिनीच्या डब्यातल्या चंदेरी टिकल्या. चारी दारं उघडत, आणि आत डॅशबोर्डवर तांदळाएवढा गणपतीसुद्धा होता. गाडी खरंच देखणी झाली होती, त्यात वाद नाही. पण हातचं राखून थांबेल तो दशरथ कसला. छापखान्याच्या मालकांच्या भंगारात गेलेल्या गाडीची किल्ली त्याने लाल रिबीन बांधून टपावर ठेवली. ऐट दिसावी, एवढंच.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं आणि रुखवताभोवती गर्दी झाली. खुद्द दत्तोबा चार-पाच पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांच्या गळ्यात बोटाएवढ्या जाड साखळ्या. त्यांच्याकडे अलीकडे एक पद्धत पडली होती. नवऱ्याला सासरकडून गाडी मिळणार असेल, तर रुखवतात खेळण्यातली गाडी ठेवायची आणि तिच्यावर खरी किल्ली. दशरथला याची गंधवार्ता नव्हती.

दत्तोबांनी किल्ली उचलली आणि त्यांचा चेहरा फुलला. "मामा, कशाला केलंत एवढं? आम्ही काय बोललो न्हवतो. गाडी कुठं लावलीय? पोरं फुगे बांधत्यात."

आता इथे 'अहो, ही नुसती कागदाची आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या साखळ्यावाल्यांनी दशरथकडे पहिल्यांदाच मान देऊन पाहिलं होतं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "शोरूमला आहे," तो म्हणाला. "नंबर यायचाय. पुढच्या आठवड्यात मिळेल."

साखळीवाल्यांपैकी एकाने त्याला खुर्ची दिली, दुसऱ्याने सरबत. दशरथ सरबत प्यायला. ते अर्धं संपलं नाही तोच दत्तोबांनी सांगितल्यावरून माइकवाला गरजला, "नवरदेवांना मुलीच्या मामांकडून चारचाकी गाडी भेट!" सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. पलीकडे अक्षतांचं ताट घेऊन उभी असलेली मंदाकिनी त्याच्याकडे बघत राहिली. दशरथने मान वळवली.

मुहूर्त जवळ आला. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. दशरथ तिच्या खोलीत गेला, तर उत्कर्षा मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि उठेना.

"मामा, गाडीचं काय ऐकतेय मी?"

"काही नाही गं. चल, भटजी थांबलेत."

"पृथ्वीराजचा फोन आला होता. तो विचारतोय, मला न सांगता तुम्ही लोकांनी ठरवलं का. मी त्याला उलट विचारलं, की तुझ्या घरच्यांनी माझ्या नकळत मागितली का. पाच मिनिटांपूर्वी आम्ही एकमेकांना खोटं ठरवत होतो, मामा. लग्नाच्या दिवशी. गाडी आहे की नाही?"

दशरथने मागे वळून दार लोटून घेतलं. "नाही," तो म्हणाला. "ते विचारायला लागले, तोंडातून निघून गेलं."

"मग माइकवर सांगा."

"सांगतो. लग्न लागू दे, दत्तोबांना बाजूला घेऊन सांगतो."

"बाजूला नाही. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्यात. सगळ्यांना सांगा. तोवर मी उठत नाही."

दशरथ खोलीतून निघून माइककडे गेला. सकाळी याच हॉलमधून तो मिशीला पीळ देत फिरला होता. त्याने माइक हातात घेतला.

"गाडी कागदाची आहे," तो म्हणाला. "खरी गाडी नाही. मी दत्तोबांना खोटं सांगितलं. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मुलीलाही नव्हतं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "चांगलंय, पेट्रोल लागायचं नाही," आणि हशा पिकला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते दशरथला त्या दिवशी कळलं.

पण दत्तोबा हसले नाहीत. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मामा, आम्ही मागितली हुती का? शब्द पाळला हुता आम्ही. आता समदं गाव म्हनंल, दत्तोबानं गाडीसाठी पोरीच्या मामाला माइकवर उभा केला." त्यांचे डोळे लाल झाले होते. आपण स्वतःचीच अब्रू घालवली असं दशरथ समजत होता. ती तर दोन्ही घरांची गेली होती.

तो पुन्हा खोलीत गेला. उत्कर्षा आता उभी होती. तिने त्याला दारातच थांबवलं.

"आईने फॉल लावून मला शिकवलं, आणि मी कुणाला काही न देता लग्न करतेय. मला याचा फार अभिमान होता, मामा. तुम्हाला याची लाज वाटत होती का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिलाही तेच ऐकायचं असावं. पण आज पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"हो," दशरथ म्हणाला.

तिचे डोळे भरले. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराच्या टोकाने काजळ सांभाळत डोळे टिपले आणि बोहल्यावर न्यायला त्याच्यापुढे हात केला.

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. लग्न लागेपर्यंत मुलीच्या मामाने तिच्या मागे उभं राहायचं असतं, तिथून कुठे जाता येत नाही. समोर सगळा हॉल मुठीत अक्षता घेऊन उभा होता. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी होती, पण लोक बघत होते ते दशरथकडेच. त्याने मान खाली घातली. पहिल्या अक्षता त्याच्याच डोक्यावर पडल्या, आणि त्या झटकायला त्याचा हात वर गेला नाही.