आतली बाई

वाशीमच्या एका स्कॅन सेंटरात योगिनी तीन वर्षांपासून एमआरआय काढत होती. पेशंटला मशीनमध्ये निजवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात रबरी फुगा देऊन "घाबरलात तर दाबा" म्हणायचं आणि काचेपलीकडे येऊन बसायचं. मधूनमधून बटण दाबून माइकवर धीर द्यायचा, असा नियम होता. गर्दीच्या दिवशी ती तो पाळत नसे.

त्या दुपारी इंझोरीच्या बदरुन्निसा कमरेच्या दुखण्यासाठी आल्या. मुलगा अशफाक बाहेर बसला.

"पोरी, मले बंद जागेचं लय भेव लागते," त्या म्हणाल्या.

"मी बोलत राहीन, चाची," योगिनी म्हणाली आणि बाहेर येऊन बहिणीशी फोनवर बोलत बसली.

दहा मिनिटांनी मशीनच्या ठोक्यांमधून चाचींचा आवाज स्पीकरवर आला. "हो. दोन पोरी, एक पोरगा... नाही, आता नाही लागत भेव... तुमाले थंडी नाही वाजत का इथं?"

योगिनीने फोन ठेवला, बटण दाबलं. "चाची, कोणाशी बोलता?"

"दोघी एकदम बोलू नका, बेटा. मले समजत नाही."

तिने स्कॅन थांबवून दार उघडलं. आत दुसरं कोणी नव्हतं. चाचींचा चेहरा शांत होता.

"मले वाटलं, तूच बोलून राह्यली," त्या म्हणाल्या. "मंग तुहा आवाज आला, तवा समजलं, ती दुसरी हाय."

"काय म्हणत होती?"

"म्हने, लोक येतात अन् न बोलता चालले जातात."

उरलेल्या स्कॅनभर योगिनीने बटणावरचं बोट काढलं नाही. अशफाकचं दुकान, नातवंडं, सोयाबीन, सुचेल ते विचारत राहिली. एकदा ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा चाची आत कशालातरी हसल्या.

निघताना त्या दारात थांबल्या. "त्या बाईले सांगशील, मी चालली म्हनून. न सांगता निघालं तं बरं नाही वाटत."

अशफाक हसला. योगिनीला हसू आलं नाही. पुढच्या पेशंटला बोलावण्याआधी तिने काचेतून रिकाम्या खोलीकडे पाहिलं, बटण दाबलं आणि हळूच सांगितलं, "बदरुन्निसाचाची गेल्या."

थोडा वेळ स्पीकर नुसता खरखरला.

"बरं," आतून आवाज आला. "आता कोन येते?"