ग्लेनिसच्या आईची भूमिका

ग्लेनिस अ‍ॅशवर्थला अख्खा देश डॉट म्हणून ओळखायचा. ‘हॅलिवेल रो’ नावाच्या मालिकेत ती लॉन्ड्री चालवणाऱ्या डॉटचं काम करायची. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसातला, अकरा वर्षं. त्याआधी वीस वर्षं तिने रंगभूमीवर राण्या केल्या होत्या, खुनी बायका केल्या होत्या, एका मोसमात तर रोज दुपारी एक नाटक आणि रात्री दुसरं असं सलग चार महिने केलं होतं. ते कुणाच्या लक्षात नव्हतं. मासळीच्या दुकानात बायका तिला विचारायच्या, “डॉट, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात टाकला तर आटतो का गं?” ती शांतपणे उत्तर द्यायची.

मी एनिड क्लेग. नाटकात ड्रेसरचं काम केलं, तेहतीस वर्षं. नटीला कपडे चढवायचे, उतरवायचे, दोन प्रवेशांच्या मध्ये दीड मिनिटात तिची बटणं लावायची, आणि तिचं रडणं खोलीच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. ग्लेनिस आणि मी एकाच गावच्या, नेल्सनच्या. दोघींच्या आया एकाच कापडगिरणीत मागावर होत्या.

डॉटला मालिकेने मारलं ते एकोणऐंशी साली. ग्लेनिसला ते वर्तमानपत्रात वाचून कळलं. निर्मात्याला फोन केला तर तो म्हणाला, प्रेक्षकांना आता तरुण चेहरे हवेत. डॉट दुधाच्या गाडीखाली सापडून गेली.

“दुधाची गाडी तासाला पाच मैल जाते,” ग्लेनिस मला म्हणाली. “तिच्याखाली मरायचं तर माणसाला आडवं पडून वाट बघत बसावं लागेल.”

ती हसली, मीही हसले. त्यानंतर तीन वर्षं तिला कुणी काम दिलं नाही. नाटकवाले म्हणायचे, ही रंगमंचावर आली की लोकांना लॉन्ड्रीच दिसणार. टीव्हीवाले म्हणायचे, डॉट तर मेली.

ब्याऐंशी साली रोलंड पेनहेल तिच्याकडे आला. चाळिशीचा, बारीक, गोड बोलणारा लेखक. स्वतःची नाटकं स्वतःच बसवायचा. त्याला गिरणीतल्या बाईवर नाटक लिहायचं होतं आणि गिरणी त्याने आगगाडीच्या खिडकीतूनच बघितलेली. ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात तो सहा आठवडे येऊन बसत होता. तिने त्याला आईबद्दल सगळं सांगितलं. बाराव्या वर्षी मागावर गेलेली, चाळिशीत बहिरी झालेली. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर बायका आवाज न काढता ओठांनी बोलायच्या. तोंड मोठं करून, हातांची जोड देऊन. शंभर फुटांवरून एकमेकींच्या नवऱ्यांची लफडी सांगायच्या आणि मुकादमाला पत्ता लागायचा नाही. माझी आई तर घरी आल्यावरही तशीच बोलायची. मला ती बोली चालण्याआधी येत होती.

नाटकाचा शेवट तोच होता. मुलगी गाव सोडून लंडनला निघाली आहे. आई गिरणीच्या खिडकीत उभी. मागांचा आवाज नाट्यगृहात घुमतोय. संहितेत रोलंडने एवढंच लिहिलं होतं: आई ओठांनी काहीतरी बोलते. त्या ‘काहीतरी’त ग्लेनिसने तिच्या आईचे शब्द घातले. ती स्वतः सतरा वर्षांची असताना घर सोडून निघाली, तेव्हाचे.

पहिला प्रयोग आमच्याच भागातल्या एका छोट्या नाट्यगृहात झाला. तो प्रवेश आला आणि बाल्कनीतल्या म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. बाकीचे प्रेक्षक वळून वळून बघत होते, यांना झालं काय. त्या वाचत होत्या. खिडकीतली आई म्हणत होती: “जा. मागे बघू नकोस. आत गरम घातलंयस ना? तुझा बाप संध्याकाळी विचारेल, मी सांगेन, हसत गेली म्हणून.”

लंडनहून टीकाकार आले. तीन आठवड्यांत बातमी आली की नाटक लंडनच्या मोठ्या नाट्यगृहात जाणार. ग्लेनिसने नवा कोट शिवला. मग रोलंड आला. चहा घेतला, केक खाल्ला, आणि म्हणाला की लंडनचे मालक मोठं नाव मागतायत. आईचं काम इमोजेन टॅरंट करेल.

इमोजेन टॅरंट सिनेमातली. अडतीस वर्षांची, उंच, तिचे फोटो बसवर लागायचे.

“मग मी काय करू?” ग्लेनिसने विचारलं.

“तू तिची राखीव नटी हो. ती आजारी पडली तर तू. आणि एक काम आहे, ते फक्त तूच करू शकतेस. तो शेवटचा प्रवेश तिला शिकव.” मग त्याने तिचा हात हातात घेतला. “तुझ्या आईसाठी कर, ग्लेनिस.”

मी तिथेच बशा विसळत होते. वाटलं, ही आता त्याच्या तोंडावर चहा फेकेल. तिने विचारलं, “साखर अजून घालू?”

मला इमोजेनची ड्रेसर म्हणून लंडनला नेलं. तालमीच्या खोलीत ग्लेनिस तिला शिकवायची तेव्हा मी कोपऱ्यात कपड्यांना टाचण्या लावत असायचे. इमोजेन वाईट बाई नव्हती. वेळेवर यायची, खाली बसून ग्लेनिसच्या तोंडाकडे बघायची, वहीत ओठांची चित्रं काढायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “पण शब्द काय आहेत, अ‍ॅशवर्थबाई?”

“शब्द मागू नका. आमच्या गिरणीतली जुनी बोली आहे, तुम्हाला कळायची नाही. आणि कळली तर तुम्ही अभिनय करायला लागाल. माझे ओठ बघा आणि तसे हलवा.”

मी मान वर करून बघितलं. हातातली टाचणी बोटात गेली.

ग्लेनिस तिला शिकवत होती: “मी दुसरीचं ताट ओढून घेतलंय. खाता येत नाही, चव कळत नाही. ढुंगण मात्र माझं गोरं आहे.”

संध्याकाळी मी तिला गाठलं. “हे काय करतेयस?”

“तिला हवं ते देतेय. ओठ हलायला हवेत, हलतायत.”

“कुणीतरी वाचेल.”

“लंडनमध्ये?” ती म्हणाली. “इथल्या लोकांना तोंडावर बोललेलं कळत नाही.”

माझी चूक इथून सुरू झाली. तेव्हा मला हसू आलं होतं. पहिल्या प्रयोगाला इमोजेन खिडकीत उभी राहिली, डोळे भरलेले, आणि हजार लोकांसमोर आपल्या ढुंगणाचा रंग सांगून गेली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पडद्यामागे ग्लेनिस आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हसून खाली बसलो असतो. एका वर्तमानपत्राने लिहिलं की त्या मूक ओठांत कष्टकरी वर्गाची सगळी वेदना होती. ग्लेनिसने ते कात्रण आपल्या आरशाला चिकटवलं.

पण हसणं किती दिवस पुरणार. आठवड्याला आठ प्रयोग. ग्लेनिस रोज यायची, चौथ्या मजल्यावर राखीव नटांच्या खोलीत बसून शब्दकोडी सोडवायची आणि पडदा पडल्यावर घरी जायची. तिची जीभ तिखट होत गेली. आणि मी रोज इमोजेनची बटणं लावत होते. ती मला माझ्या गुडघ्याबद्दल विचारायची. वाढदिवसाला तिने मला लोकरीचे मोजे दिले.

चौथ्या महिन्यात दौऱ्याची यादी लागली. दुसरंच गाव आमच्याकडचं होतं, नेल्सनपासून पाच मैलांवर. मी धावत वर गेले.

“आता बदल ते. काहीतरी सांग तिला. खरे शब्द सांग.”

ग्लेनिसने कोड्यातला एक शब्द भरला. मग म्हणाली, “सांगते. सोमवारी सांगते.” तिच्या मनातही तेच होतं, असं मला आजही वाटतं.

सोमवारी इमोजेनचा घसा बसला. ताप चढला. दुपारी तीन वाजता निरोप आला: ग्लेनिस, तयार राहा. मी तिला आईचे कपडे चढवले. तिने केस बांधले, शाल घेतली, आणि आरशात बघून तिच्या आईसारखी मान तिरकी केली. सव्वासहाला रोलंड आला. दारातच थांबला.

“मालक म्हणतायत प्रयोग रद्द करू. लोक इमोजेनला बघायला आलेत.”

“मी तयार आहे, रोलंड.”

“दिसतंय मला. पण डॉटला बघायला कोण...” त्याने वाक्य अर्धं सोडलं. “मी प्रयत्न केला, खरंच.”

तो गेल्यावर तिने शाल काढून घडी करून माझ्या हातात दिली. चेहऱ्याचा रंग पुसताना म्हणाली, “आता मी कुणाला काही सांगणार नाही.”

मी सांगू शकले असते. इमोजेन बरी होऊन परत आली, आणि दौरा आमच्याकडे पोचेपर्यंत मी रोज तिच्या पाठीमागे उभी होते. मी सांगितलं नाही.

दौऱ्यातल्या त्या आमच्याकडच्या गावात बुधवारचा दुपारचा प्रयोग. निवृत्त विणकर बायकांच्या दोन बस आल्या होत्या. टोप्या, पेपरमिंटच्या गोळ्या, मांडीवर पिशव्या. नाटकभर त्या अशा शांत होत्या की इमोजेन मध्यंतरात म्हणाली, “एनिड, आज काहीतरी वेगळंच होतंय.”

शेवटचा प्रवेश आला. मागांचा आवाज सुरू झाला. इमोजेनने ओठ उघडले.

आधी एकच बाई हसली. मग तिची शेजारीण. मग तिसऱ्या रांगेपासून शेवटापर्यंत हसू पसरत गेलं. कुणी कुणाला कोपराने डिवचत होतं, कुणी डोळे पुसत होतं. एक म्हातारी उभी राहिली आणि तिने रंगमंचाकडे बघून ओठांनीच उत्तर दिलं: “दाखव मग.” इमोजेन थांबली नाही. तिने शेवटपर्यंत ओठ हलवले, कारण तिला तसंच शिकवलं होतं. पडदा पडताच ती सरळ आपल्या खोलीकडे निघाली.

खोलीत तिने मला दार लावायला सांगितलं.

“मी काय म्हणत होते?”

मी सांगितलं. एकेक शब्द.

“पाच महिने?”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. “आणि रोज माझी बटणं लावत होतात.”

तेवढ्यात रोलंड ग्लेनिसला घेऊन आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तू माझं नाटक नासवलंस,” तो म्हणाला.

“तुझं?” ग्लेनिसने विचारलं.

“आत्ताच्या आत्ता सामान आवर. यापुढे कुठल्याही नाट्यगृहात...”

“थांब, रोलंड,” इमोजेन म्हणाली. ती उठून ग्लेनिससमोर उभी राहिली. “मी तुमची भूमिका मागितली नव्हती. मला ती दिली गेली. मला एवढंच सांगा, खरे शब्द काय होते?”

ग्लेनिसचे ओठ हलले, पण या वेळी आवाजासकट. “ते माझ्या आईचे आहेत. ते नाही मिळायचे तुम्हाला.”

ती निघून गेली. इमोजेन माझ्याकडे वळली. मला ते शब्द पाठ होते. ते मी तिला दिले नाहीत. ग्लेनिससाठी मी केलेली एवढी एकच गोष्ट.

संध्याकाळच्या प्रयोगाला इमोजेनकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी विंगेत उभी होते. मागांचा आवाज सुरू झाला. ती खिडकीत आली, तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. एक अक्षर नाही. मुलगी रस्त्याच्या टोकाला जाईपर्यंत ती बाई शब्द शोधत राहिली आणि तिला ते सापडले नाहीत. नाट्यगृहात खोकल्याचाही आवाज नव्हता.

हे सांगायला मला लाज वाटते. ते ग्लेनिसने केलं होतं त्यापेक्षा चांगलं होतं.

बाहेर गल्लीत ग्लेनिस पेटीवर बसली होती.

“कशी केली तिने?”

“ठीक.”

“खोटं बोलू नकोस, एनिड. मी वर बाल्कनीत मागे उभी होते.” तिने कोटाची कॉलर वर केली. “मी तिला गाढव बनवायला गेले आणि नटी बनवून आले.”

इमोजेनने तो प्रवेश पुढे कायम तसाच केला. त्या वर्षी तिला रंगभूमीचा मोठा पुरस्कार मिळाला, दोन वर्षांनी त्याच नाटकाच्या टीव्ही प्रयोगासाठी दुसरा. तिने मला कामावरून काढलं नाही. मी तिच्याकडे अजून सहा वर्षं होते. ती माझ्याशी नेहमी नीट बोलायची, फक्त गुडघ्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

ग्लेनिसला रोलंडने म्हटलं तसंच झालं. एकाही नाट्यगृहाने तिला दारात उभं केलं नाही. तिने कवळी चिकटवायच्या पेस्टची एक जाहिरात केली, त्यात सफरचंद खाऊन हसायचं होतं. मग मोरकॅमला समुद्रकाठी एका खोलीत राहायला गेली. माझ्या पत्रांना उत्तर द्यायची नाही.

एकदा मी न सांगता गेले. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली. चहा केला. आम्ही गावातल्या कोण कोण गेलं त्याबद्दल बोललो. निघताना मी म्हणाले, “मी तेव्हा तिला सांगायला हवं होतं. किंवा तुझ्याबरोबर तरी निघून यायला हवं होतं.”

“दोन्ही नाही केलंस,” ती म्हणाली.

“नाही.”

“पोट भरायचं होतं तुला. ते मला कळतं.” तिने माझा कोट खुंटीवरून काढून धरला, मी हात घातले, आणि सवयीने माझी बोटं बटणांकडे जायच्या आत तिने ती लावून टाकली, वरून खाली, भराभर. “पण पुन्हा येऊ नकोस, एनिड. तू आलीस की मला खिडकीत इमोजेन दिसते.”

मी पुन्हा गेले नाही.